सकाळी सरळ, दुपारी नागमोडी: ऑटोपायलटची पुन्हा पुन्हा येणारी तक्रार

तक्रार जवळजवळ प्रत्येक वेळी एकाच साच्यातली असते. सकाळी गेटवेसमोरच्या मूरिंगवरून बोट सोडली, मतलई वारा पडत आला होता म्हणून इंजिनावरच बाहेर पडलो, ऑटोपायलट (ठरवलेल्या दिशेवर सुकाणू आपोआप सांभाळणारं यंत्र) लावला आणि बोट नाकासमोर सरळ गेली. दुपारी मांडव्याहून परत फिरलो. खारा वारा चांगला भरला होता, म्हणून इंजिन बंद करून शिडं चढवली, आणि तोच ऑटोपायलट आता बोट कधी वाऱ्यात घुसवतोय, कधी वाऱ्यापासून लांब पाडतोय. मधेच बीप वाजतो आणि यंत्र स्वतःहून स्टँडबायवर जातं, म्हणजे सुकाणू सोडून देतं. पावसाळ्यात तो डबा दुरुस्तीला जातो, ‘टेस्ट केला, ओके आहे’ असा शेरा घेऊन परत येतो, आणि नव्या हंगामात पहिल्याच सफरीला पुन्हा तेच.

टेस्ट करणारा खोटं बोलत नसतो. टेबलावर, चांगल्या पॉवर सप्लायवर, सुकाणूचं ओझं नसताना ते यंत्र खरोखरच ठीक चालतं. दोष बहुतेक वेळा यंत्राच्या बाहेर असतो: वायरीत, शिडांत, कंपासशेजारी ठेवलेल्या सामानात, नाहीतर खरेदीच्या वेळीच कमी पडलेल्या ताकदीत. नवा, मोठा, महाग पायलट मागवण्याआधी या गोष्टी कोणत्या क्रमाने तपासाव्यात, ते सांगण्यासाठी हे लिहितोय. मुख्यतः टिलरच्या, म्हणजे चाकाऐवजी सुकाणूच्या दांड्याने वळवायच्या, छोट्या बोटी आणि तो दांडा ढकलणारा-ओढणारा टिलर पायलट डोळ्यांसमोर आहेत, कारण ही तक्रार त्यांच्याचकडून सर्वात जास्त ऐकू येते. चाकाच्या बोटींबद्दल पुढे थोडं येईल.

सकाळ आणि दुपार यांत बदललं काय?

तपासाची सुरुवात या प्रश्नापासून करा. इंजिन चालू असताना अल्टरनेटर १३.८ ते १४.४ व्होल्ट देत असतो. इंजिन बंद झालं की सगळा भार बॅटरीवर येतो. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, आणि फ्रिज, प्लॉटर (नकाशावर बोटीची जागा दाखवणारा पडदा), व्हीएचएफ रेडिओ हे सगळं तिच्यावरच चालत असेल तर दुपारपर्यंत ती १२.२ च्या आसपास, म्हणजे साधारण निम्मी, उतरलेली असते. सकाळी पाणी सपाट असतं, बोट उभी असते आणि सुकाणूवर काहीच जोर नसतो. दुपारी बोट कललेली असते, सुकाणू ओढत असतो आणि पायलटची मोटर सतत झगडत असते. म्हणजे यंत्राला सर्वात जास्त ताकद लागते नेमकी त्याच वेळी त्याला सर्वात कमी व्होल्टेज मिळतं. सकाळी इंजिनावर पायलट छान चालला, याचा अर्थ फक्त एवढाच की सकाळी इंजिनावर तो छान चालतो.

म्हणून पहिलं काम मीटर लावण्याचं. आणि मीटर लावायचा तो ओझ्याखाली, नाहीतर त्याचा काही उपयोग नाही. बोट मूरिंगवर असतानाही हे करता येतं. इंजिन बंद ठेवा आणि पायलट ऑटोवर टाका. एकाने टिलर हाताने घट्ट धरून ठेवायचा, दुसऱ्याने कोर्सचं बटण दाबून मोटरला जोर लावायला भाग पाडायचं. मोटर कण्हत असतानाच, तिसऱ्याने किंवा मोकळ्या हाताने, आधी पॅनलवर आणि मग कॉकपिटमधल्या पायलटच्या सॉकेटवर व्होल्टेज मोजायचं. एका वेळी दोन-तीन सेकंदांहून जास्त वेळ मोटर अडवून धरू नका.

एका मित्राच्या बोटीवर पॅनलला १२.५ आणि सॉकेटला ११.२ व्होल्ट भरले. मोटर थांबवली की दोन्हीकडे तोच आकडा. म्हणजे वाटेत १.३ व्होल्ट कुठेतरी गळत होते आणि ते फक्त मोटर ओढत असतानाच दिसत होते. सॉकेटचं झाकण उघडलं तर पितळी पिनांच्या मुळाशी हिरवट पूड बसलेली, आणि स्क्रूखाली धरलेली तार काळी पडून निम्मी तुटलेली. बाहेरून सॉकेट नवंकोरं दिसत होतं. पायलट मात्र त्या हंगामात दोनदा दुरुस्तीला जाऊन आला होता.

वायरीचा हिशेब प्रत्येकाने एकदा स्वतः करून पाहावा, तो फार सोपा आहे. तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तारेचा रोध मीटरला ०.०१७५ ओहम असतो. पॅनलपासून सॉकेट ५ मीटरवर असेल तर वीज जाऊन-येऊन १० मीटर फिरते. १.५ चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर रोध ०.११७ ओहम होतो. मोटर जोरात असताना ४ अँपिअर धरले तर ०.४७ व्होल्ट वायरीतच गेले. बोटीवरच्या महत्त्वाच्या यंत्रांसाठी ३ टक्क्यांहून जास्त घट चालवून घेत नाहीत. १२ व्होल्टला ते ०.३६ होतात, म्हणजे १.५ ची वायर नवी असतानाच नापास झाली. २.५ ची कागदावर पास होते. मी ४ चौरस मिलिमीटरच टाकतो, कारण जोड, फ्यूज आणि सॉकेट यांचाही वाटा त्यातूनच जायचा असतो, आणि ५ मीटरमध्ये किमतीचा फरक एवढा नसतो की त्यावर पायलट पणाला लावावा.

वायर शक्यतो टिन्ड कॉपर (कथिलाचा मुलामा दिलेलं तांबं) घ्या. लोहार चाळीत घरगुती वायर ढिगाने मिळते आणि ती दिसायलाही सुंदर असते, पण खाऱ्या दमट हवेत तिचं उघडं तांबं टोकापासून आत आत काळं पडत जातं. मग टोक कापून नवं केलं तरी आत तीच काळी तार. टिन्ड वायर मागितली की अनेक दुकानदार ‘तसंच चालतं’ म्हणतात. तुम्ही आग्रह सोडू नका, पुढच्या दुकानात जा. टोकाला थिंबल (तारेवर दाबून बसवायची धातूची टोपी) नीट पंच करा, त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. नुसती तार पिळून स्क्रूखाली दाबू नका. पायलटला पॅनलवर स्वतःचा ब्रेकर हवा. बिल्ज पंप (बोटीच्या तळाचं पाणी उपसणारा) आणि केबिनच्या दिव्यांच्या वायरीला मधेच जोडलेला पायलट मी पाहिलेला आहे, आणि पंप सुरू झाला की तो हमखास स्टँडबायवर जायचा. मोजताना मायनसची बाजू विसरू नका, अर्धी घट तिथेच लपलेली असते. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं सॉकेटच्या मायनसवर ठेवून मोटर चालवली की ती लगेच समोर येते.

शिडं चुकीची, शिव्या पायलटला

वीज पक्की झाली आणि तरी बोट नागमोडी जात असेल, तर पायलट काढून बाजूला ठेवा आणि टिलर हातात घ्या. त्याच वाऱ्यात, त्याच शिडांवर, त्याच कोर्सवर. मांडव्याहून गेटवेकडे येताना कोर्स साधारण उत्तर-वायव्य असतो आणि हिवाळ्यातला दुपारचा वारा वायव्येचा, त्यामुळे बोट वाऱ्याला अगदी लगटून चालते आणि कलते. कललेली बोट वाऱ्याकडे तोंड फिरवू पाहते. हा वेदर हेल्म हाताने धरताना आपल्या लक्षात येत नाही, कारण आपण नकळत अंगाचा भार टिलरवर टाकतो. पायलटकडे अंग नाही.

अंगठा आणि तर्जनी यांत धरून टिलर सांभाळता येत असेल तर पायलटही सांभाळेल. तुम्हाला दोन्ही हात लागत असतील तर जगातला कोणताही टिलर पायलट त्या दुपारी कुरकुरणारच. अंदाजापेक्षा मोजलेलं बरं, म्हणून सामान तोलायचा हूकचा काटा बोटीवर ठेवा. पायलटची पिन टिलरवर जिथे बसते तिथे तो अडकवून बोट कोर्सवर धरा आणि काटा वाचा. रेमरीन कंपनीच्या एसटी १००० प्लस या टिलर पायलटची कमाल ढकलण्याची ताकद ५७ किलो, एसटी २००० प्लसची ७७ किलो. पण ही कमाल आहे, क्षणभरासाठीची. कमाल ताकदीच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त ओढ सतत दिसत असेल तर मी शिडांना हात घालतो, पायलटला नाही.

आधी मेनशीटचा (मेन या मोठ्या शिडाच्या दोराचा) ट्रॅव्हलर, म्हणजे सरकती गाडी, वाऱ्याखाली सोडा. मग बॅकस्टे (डोलकाठीला मागून ताणणारी तार) आणि आउटहॉल (शिडाचं खालचं टोक ताणणारा दोर) ताणून मेन चपटं करा. तरी ओढ तशीच राहिली तर पहिला रीफ घ्या, म्हणजे शीड थोडं लहान करा. इथे अनेकांचा अभिमान आडवा येतो. रीफ घेतल्यावर बोट उभी राहते, सुकाणू मधे येतो आणि वेग बहुतेक वेळा कमी होत नाही, कधी वाढतोही, कारण तिरका धरलेला सुकाणू हा पाण्यात धरलेला ब्रेकच असतो. जिब (पुढचं शीड) गुंडाळून ठेवून फक्त मेनवर फिरायची सवय असेल तर ती पायलटसाठी सर्वात वाईट. सगळा जोर डोलकाठीच्या मागे येतो आणि बोट सारखी वाऱ्यात घुसते.

याच वेळी सुकाणूची ढिलाईही पाहून घ्या. टिलर एका बाजूने दुसऱ्या बाजूला हलवा आणि सुकाणू हलायला लागेपर्यंत टिलर किती रिकामा फिरतो ते बघा. आपल्या बंदरातलं पाणी गाळाने भरलेलं, बारीक रेती बेअरिंगच्या बुशात शिरते आणि ते झिजतं. रिकामी फेरी मोठी असेल तर पायलट ती भरून काढण्यासाठी डावी-उजवीकडे ढकलत बसतो, बोट मात्र जागची हलत नाही, आणि मग एकदम जास्त हलते. बाहेरून दिसणारा परिणाम हुबेहूब बिघडलेल्या पायलटसारखा असतो. बोट वर काढलेली असताना सुकाणूचं खालचं टोक दोन्ही हातांनी धरून हलवलं की खरं काय ते कळतं. सुकाणूवर बार्नॅकलचा (चिकटून वाढणाऱ्या कवचाच्या जिवांचा) थर बसला असेल तर तोही खरवडून घ्या.

कंपासला काय दिसतं आहे?

टिलर पायलटच्या छोट्या मॉडेलांत कंपास त्या डब्यातच असतो. म्हणजे कॉकपिटमध्ये जे जे येतं ते त्याला जाणवतं. दुपारी माणसं सैलावतात, सामान बाहेर येतं. ब्लूटूथ स्पीकरमध्ये चांगलं जोरदार चुंबक असतं. मोबाइलच्या चुंबकी कव्हरमध्ये असतं. फुगणाऱ्या लाइफ जॅकेटमधला गॅसचा सिलिंडर लोखंडी असतो, आणि ते जॅकेट घालून नेमका पायलटशेजारी बसणारा एक जण प्रत्येक बोटीवर असतोच. स्टीलचे डबे बहुधा निर्धोक असतात, सगळे नाही. घरीच फ्रिजवरचं चुंबक लावून बघा, चिकटलं तर तो डबा कॉकपिटच्या दुसऱ्या टोकाला. तपासायची पद्धत सोपी आहे: पायलट चालू असताना दाखवत असलेला कोर्स वाचा, एकेक वस्तू जवळ आणा, लांब न्या, आकडा हलतो का पाहा. यासाठी बोट मूरिंगवर शांत उभी असली की पुरे.

वायरींचं जास्त छुपं असतं. वायरीतून ५ अँपिअर वाहत असतील तर १० सेंटिमीटरवर तिचं चुंबकीय क्षेत्र १० मायक्रोटेस्ला भरतं. मुंबईत पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा भाग ३८ मायक्रोटेस्लाच्या आसपास आहे. वाईट कोन जुळला तर कंपास १५ अंशांनी फसतो, तेही फक्त ती वायर चालू असेपर्यंत. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की बोट वळते, बंद झाला की परत येते, हे कोडं इथे सुटतं. उपाय म्हणजे प्लस आणि मायनस वायर एकत्र पीळ देऊन ओढायच्या, म्हणजे दोघींची क्षेत्रं एकमेकांना मारतात, आणि वेगळा कंपास असेल तर तो अशा वायरी, स्पीकर आणि इंजिन यांच्यापासून निदान एक मीटर लांब बसवायचा.

विजेच्या प्रवाहाने कंपास फसतो हे या शहराला फार पूर्वीपासून माहीत आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी घेतल्या जात होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरल्यावर त्या प्रवाहांनी नोंदी बिघडतील म्हणून ते काम समुद्रापलीकडे अलिबागला हलवलं गेलं, आणि १९०४ पासून अलिबागची चुंबकीय वेधशाळा काम करते आहे. विजेची ट्राम प्रत्यक्ष धावली ती १९०७ मध्ये. ज्यांना अचूक नोंद हवी होती त्यांनी आख्खी वेधशाळा हलवली. आपल्याला एक स्पीकर हलवायचा आहे.

सामान दूर केल्यावर कंपासचं डेव्हिएशन (बोटीवरच्या लोखंड-चुंबकामुळे येणारी चूक) काढून घ्या. सकाळच्या सपाट पाण्यात, रहदारीपासून दूर, अगदी सावकाश गोल फेऱ्या मारायच्या. एका फेरीला निदान दोन मिनिटं तरी द्या, नेमका वेग आणि वेळ तुमच्या यंत्राच्या पुस्तकात असतो तो पाळा. डेव्हिएशन १५ अंशांच्या वर आलं तर ते तसंच स्वीकारू नका, जवळपास काहीतरी लोखंड किंवा चुंबक अजून राहिलेलं आहे. मॅग्नेटिक आणि ट्रू उत्तरेच्या फरकावर मात्र वेळ घालवायची गरज नाही, मुंबईत तो एक अंशाहूनही कमी आहे. युरोपातल्या खलाशांच्या लिखाणात उत्तरेकडे जाताना पायलट बावरतो अशी तक्रार वाचायला मिळते. तिथे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत फार तीव्र उताराने शिरतं, आपल्या १९ अंश अक्षांशावर तो उतार बराच कमी आहे. आपलं दुखणं ते नव्हे.

पायलट निर्दोष असतो तेव्हा

एक प्रकार वेगळा सांगायला हवा. ‘पायलट सरळ जातोय असं दाखवतो, पण प्लॉटरवर बोट भलतीकडेच निघालेली असते.’ हा बिघाड नाही. पायलट कोर्स धरतो, म्हणजे बोटीचं तोंड कोणत्या दिशेला आहे ते. पाणी बोटीला घेऊन कुठे चाललंय याच्याशी त्याचं देणंघेणं नसतं. उधाणाच्या दिवशी मुंबई बंदरातली ओहोटी २ नॉटच्या वर सहज जाते. बोट ४.५ नॉटने चालली असेल आणि २ नॉटचा प्रवाह आडवा लागला तर बोट तोंडाच्या दिशेपेक्षा २४ अंश बाजूला सरकत जाते, तासाभरात दोन नॉटिकल मैल. भांगाच्या दिवसांत (भरती-ओहोटी कमजोर असते तेव्हा) हाच पायलट शहाणा वाटतो. पंचांगात तिथी बघून तक्रार तपासली तर पुष्कळ पायलट दुरुस्तीला जाण्यापासून वाचतील.

प्लॉटरला जोडून ट्रॅक मोड (नकाशावरची रेषा धरणारा) वापरला की प्रवाहाची भरपाई होते, पण न्हावा-शेवाकडे जाणाऱ्या कंटेनर जहाजांच्या वाटेत किंवा गेटवेच्या लाँचींच्या गर्दीत मी तो लावत नाही. यंत्र रेषेला चिकटून राहतं, समोर काय आलं ते त्याला दिसत नाही. टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला नियम ५ पायलट लागलेला असतानाही तितकाच लागू आहे: नजर आणि कान सतत बाहेर. खांदेरी-उंदेरीच्या बाजूला डोल जाळ्यांचे खांब आणि बोयरे असतात, तिथे तर हात टिलरवरच हवा.

विंड मोडबद्दलही एवढंच सांगतो की आपल्या किनाऱ्यावर तो जपून वापरा. सकाळी जमिनीवरून, दुपारी समुद्रावरून असा वारा फिरतो, आणि पायलट वाऱ्याचा कोन इमानाने धरून बोट हळूहळू किनाऱ्याकडे वळवत नेतो.

गेन आणि रिस्पॉन्स

इथवरचं सगळं झाल्यावरच सेटिंगला हात लावा. मोकळ्या पाण्यात, नेहमीच्या वेगाने जाताना कोर्स एकदम ४० अंशांनी बदला. बोट चटकन वळून नव्या कोर्सपुढे ५ अंशांच्या आत जाऊन स्थिरावली तर रडर गेन (कोर्स चुकला की सुकाणू किती फिरवायचा ते सेटिंग) बरोबर आहे. ती बरीच पुढे जाऊन परत, पुन्हा पुढे, अशी डोलत राहिली तर गेन जास्त आहे, एक पायरी कमी करा. आळसावल्यासारखी वळली तर कमी आहे. रिस्पॉन्स वाढवला की पायलट बारीकसारीक हालचालीलाही उत्तर देतो आणि बॅटरी खातो. मागून लाट असताना एक पायरी वाढवावा, एरवी मधेच ठेवावा. वीज कमी पडत असताना गेन वाढवून भरपाई करणं हा सर्वात वाईट उपाय आहे. मोटर जास्त धावते, व्होल्टेज आणखी पडतं, यंत्र आणखी लवकर हात टेकतं.

इतकं करूनही कमीच पडला तर निवड चुकली

मग नवा घ्या, पण वजनाच्या योग्य आकड्यावरून. माहितीपत्रकात असतं ते रिकाम्या बोटीचं वजन. त्यात नांगर, साखळी, पाणी, डिझेल, बॅटऱ्या, माणसं आणि त्यांची बोचकी मिळवायची, म्हणजे साधारण २० टक्के. एसटी १००० प्लस ३००० किलोपर्यंतच्या बोटीसाठी आहे आणि एसटी २००० प्लस ४५०० किलोपर्यंत. २५०० किलोची बोट भरली की ३००० होते, म्हणजे छोट्या मॉडेलच्या अगदी काठावर. काठावर असाल तर वरचं घ्या. वरच्या मॉडेलची फक्त ताकद जास्त नसते, दांडा आत-बाहेर जाण्याचा वेगही जास्त असतो, आणि मागच्या तिरक्या लाटेत अलिबाग, मुरूडकडे उतरताना ताकदीपेक्षा वेगच कामाला येतो. लाट बोटीचा मागचा भाग उचलून फिरवते, आणि त्याआधी सुकाणू हलला पाहिजे. सिमरॅडमध्ये टीपी १० ची ताकद ६५ किलो, टीपी २२ आणि टीपी ३२ ची ८५ किलो. ६००० किलोपर्यंतच्या टिलर बोटींसाठी रेमरीनचा ईव्ही १०० आहे. त्यात कंपास वेगळा असतो आणि जायरोही असतो, त्यामुळे बोट वळायला लागली हे त्याला कोर्स बदलण्याआधी कळतं. दुपारची लाट आणि कॉकपिटमधलं सामान या दोन्ही दुखण्यांवर हा फरक मोलाचा आहे. परवडत असेल तर माझं मत त्याच्याच बाजूने.

लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात खेपा घालायची आवड असेल तर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणारा पायपायलट हा मुक्त स्रोताचा पायलटही आहे. तो उत्तम शिकवतो, पण डबा पाणीबंद करणं, मोटर जुळवणं सगळं तुमच्याच अंगावर असतं.

विजेशिवाय, वाऱ्यात फिरणाऱ्या पात्याच्या जोरावर सुकाणू सांभाळणाऱ्या विंडव्हेनबद्दल बरेच जण विचारतात. २०१८ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने जगप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत भारतीय खलाशी अभिलाष टॉमी उतरले तेव्हा इलेक्ट्रॉनिक पायलटला परवानगीच नव्हती, सगळ्या बोटींवर विंडव्हेनच होते. महासागरात, दिवसेंदिवस एकाच दिशेच्या वाऱ्यात त्याला तोड नाही. मुंबई-अलिबागच्या दिवसभराच्या सफरीत, जिथे अर्धा वेळ वारा पडलेला आणि उरलेला वेळ फिरत असतो, तिथे त्याचा फारसा फायदा नाही.

बसवताना

टिलर पायलट बसवण्यात सर्व काही भूमितीत आहे. एसटी १००० आणि २००० साठी टिलरवरची पिन सुकाणूच्या अक्षापासून ४६० मिलिमीटरवर, आणि कॉकपिटच्या कडेवरचं सॉकेट पिनपासून ५८९ मिलिमीटरवर, उजव्या बाजूला. टिलर मध्यावर असताना पायलट त्याच्याशी काटकोनात आणि आडवा, समपातळीत हवा. पिन अक्षाच्या जवळ घेतली तर जोर अपुरा पडतो, लांब घेतली तर सुकाणू पुरेसा फिरत नाही. दुसऱ्या कंपनीचं यंत्र असेल तर त्याच्या पुस्तकातली मापं घ्या, ही नव्हे. भोकं पाडण्याआधी पुठ्ठ्याचा पायलट कापून जागेवर धरून बघा आणि टिलर दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. कोणाचा गुडघा, विंचचं हँडल, लॉकरचं झाकण आडवं येतंय का ते तेव्हाच कळतं.

पिन आणि सॉकेट इपॉक्सीत बसवा. सॉकेटखालचं फायबर पातळ असेल तर आतून मरीन प्लायचा तुकडा चिकटवून जागा भरीव करा. सॉकेट डुगडुगलं की पुन्हा तीच सुकाणूच्या ढिलाईची कथा. उंची जुळत नसेल तर नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात ३१६ स्टीलचा ब्रॅकेट बनवून घ्या, पायलट तिरका टाकू नका, आतला कंपास तिरका होतो. विजेचं सॉकेट कॉकपिटच्या तळाशी नको, जिथे पाणी थेट उडणार नाही अशा उभ्या भिंतीवर, तोंड खाली करून लावा आणि पिनांना सिलिकॉन ग्रीस लावत जा.

चाकाच्या बोटीत चाकावर बसणारा बेल्टचा पायलट हलक्या बोटींना ठीक आहे. त्यात घसरणारा बेल्ट आणि क्लच हेच पहिले संशयित. जड बोटीला डेकखाली थेट सुकाणूच्या हाताला जोडलेला लिनिअर ड्राइव्ह हवा. तो जिथे बोल्ट करायचा ती भिंत शेकडो किलोंचा झटका झेलणारी पाहिजे, नुसत्या लॉकरच्या फळीवर तो कधीही लावू नये. सुकाणूची स्थिती सांगणाऱ्या सेन्सरचा दांडा सैल झाला तर बोट एका बाजूला ओढ खात चालते, म्हणून त्याचे नट आधी बघा. पायलटची सुकाणू-मर्यादा यांत्रिक अडसरांच्या सुमारे ५ अंश आत ठेवा.

मे महिन्यात बोट वर निघते तेव्हा टिलर पायलट बोटीवर सोडू नका. गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून, दांडा पूर्ण आत घेऊन, घरात कोरड्या कपाटात ठेवा. दांड्यावरचं रबरी सील तडकलंय का ते त्याच वेळी पाहा, पाणी आत शिरायची मुख्य वाट तीच आहे. आणि दुरुस्तीला द्यायचाच असेल तर सोबत चिठ्ठी द्या: वारा किती होता, शिडं कोणती होती, इंजिन चालू होतं की बंद, आणि मोटर जोर लावत असताना सॉकेटवर किती व्होल्ट भरत होते. ‘कधीकधी बंद पडतो’ एवढ्याच तक्रारीवर टेबलाशी बसलेल्या माणसाला काहीही शोधता येत नाही.